कृतज्ञतेचे दोन लेख

‘स्तोत्रसंहिते’तील अठरावे स्तोत्र दावीद राजाने शौलाच्या व सर्व शत्रूंच्या हातून सुटल्यावर गायिले, असे शीर्षकच सांगते. त्यात बलाढ्य शत्रू पावलोपावली येतात, देव मेघगर्जनेसह खाली उतरतो. दाविदाचे साथीदार मात्र कोठेच दिसत नाहीत.

गोव्यातही असेच घडले. १६८३ साली संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेट घेतले, तेव्हा व्हाइसरॉय आल्व्होर याने आपला राजदंड संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवापाशी ठेवून धावा केला. १६८४ च्या आरंभी मराठे परतले ते शाहआलमची मोगल फौज चालून आल्यामुळे. आभार मात्र संताचे मानले गेले. यात मला दांभिकता दिसत नाही. बुडता वाचलेला कारणे शोधीत बसत नाही; तो उद्योग आम्हां अभ्यासकांचा.

डिचोलीतील नार्वे येथे निराळेच आढळते. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणले गेले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे देवालयाचे काम सुरू झाले. तेथील शिलालेखात देव, तिथी आणि राजाज्ञा एवढेच आहे. शत्रूचा उल्लेखही नाही. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांकडे गेली. लेख जागेवरच राहिला.