वॉन्स्टेडचा वाडा : मालकीची साडेतीन शतके

लक्ष्मी चंचल असते, असे आपले वाडवडील सांगत आले. वास्तू तरी स्थिर असते काय? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील एका नामशेष वाड्याच्या इतिहासातून मिळते. लंडनच्या ईशान्येस, एसेक्स परगण्यातील वॉन्स्टेड या गावी तो उभा होता. आपणांस त्याचे अगत्य वाटावे याचे कारण असे की, त्याच्या वैभवात हिंदुस्थानच्या व्यापारातून मिळालेल्या पैशाचाही वाटा होता.

आरंभीच्या काळात राजाची मर्जी हीच वॉन्स्टेडच्या मालकीची सनद होती. इ. स. १४९९ मध्ये ही जहागीर राजा सातवा हेन्री याच्याकडे आली. १५४९ मध्ये ती लॉर्ड रिच यांस मिळाली. पुढे एलिझाबेथ राणीचा आवडता सरदार, लेस्टरचा अर्ल, तिचा धनी झाला व १५७८ मध्ये त्याने येथेच विवाह केला. १६१९ मध्ये ती सर हेन्री मिल्डमे याने घेतली. पहिल्या चार्ल्स राजावर खटला चालविणाऱ्या मंडळात तो बसला होता. १६६० मध्ये राजसत्ता पुन्हा स्थापन होताच त्याची मालमत्ता जप्त झाली.

१६७३ च्या सुमारास मात्र वॉन्स्टेडला निराळ्या प्रकारचा मालक लाभला. सर जोसाया चाइल्ड हा सरदार नव्हे, व्यापारी होता. आरमारास रसद पुरविण्याच्या व्यवसायातून तो वर आला आणि ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झाला. त्या काळी सुती कापड हा कंपनीच्या व्यापाराचा मोठा आधार होता. सुरतेत कंपनीला कर्ज देणाऱ्यांत वीरजी व्होरा हे जैन श्रेष्ठी अग्रगण्य होते, हे येथे स्मरणीय आहे. चाइल्डच्याच धोरणामुळे १६८६ ते १६९० या काळात कंपनीने औरंगजेबाशी युद्ध ओढवून घेतले. मुंबईला सिद्दीचा वेढा पडला आणि अखेर दीड लाख रुपये दंड भरून कंपनीस माफी मागावी लागली. चाइल्डच्या ऐश्वर्यास मात्र उणेपण आले नाही. १६९९ मध्ये तो निवर्तला.

पुढे त्याचा पुत्र रिचर्ड याने जुना वाडा पाडला. १७१५ पासून कोलेन कॅम्बेल या वास्तुविशारदाकडून त्याने नवे भव्य भवन उभारले. दर्शनी बाजू सुमारे २६० फूट लांब, मध्यभागी सहा खांबांचा देवडीसारखा मंडप. व्यापाऱ्याचा हा मुलगा १७३१ मध्ये अर्ल टिल्नी झाला. त्याचा मुलगा निपुत्रिक वारल्यावर वाडा भाच्याकडे गेला. १८०५ मध्ये त्या घराण्याचा अकरा वर्षांचा वारस दगावला आणि सर्व संपत्ती त्याची थोरली बहीण कॅथरीन हिच्याकडे आली.

१८१२ मध्ये कॅथरीनने विल्यम वेलस्ली-पोल याच्याशी विवाह केला. आपल्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर १८०३ मध्ये मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली हा त्याचा चुलता. विल्यम उधळ्या निघाला. अवघ्या दहा वर्षांत कर्जाचा डोंगर झाला. जून १८२२ मध्ये वाड्यातील सामानाचा लिलाव सुरू झाला. तो बत्तीस दिवस चालला आणि त्यातून सुमारे ४१,००० पौंड आले. पुढील दोन-तीन वर्षांत वाडाच १०,००० पौंडांना गेला. तोही उभी वास्तू म्हणून नव्हे, तर पाडून न्यावयाची मोड म्हणून. १८२५ मध्ये कॅथरीन निधन पावली. मुलांचा ताबा बापाकडे देण्यास न्यायालयाने नकार दिला.

जमाखर्चाची सवय असणाऱ्याने येथे थोडे थांबावे. वाडा गेला, पण भोवतालची जमीन गेली नाही. कारण पत्नीकडून आलेल्या जहागिरीवर विल्यमचा हक्क केवळ हयातीपुरता होता. ती पुढील वारसासाठी बांधलेली होती. १८५७ मध्ये विल्यम वारला तेव्हा ती त्याच्या मुलाकडे आली व १८६३ मध्ये त्याच्या मृत्युपत्राने अर्ल कौली यांच्याकडे गेली. १८८० मध्ये त्यांच्याकडून १८४ एकर उद्यान लंडनच्या नगर महामंडळाने विकत घेतले आणि १८८२ मध्ये ते सर्व जनतेस खुले केले. आज वाड्याच्या जागी गोल्फचे मैदान आहे. उद्यानातील तळी मात्र आहेत, आणि तेथे कोणीही फिरू शकतो.

राजाच्या मर्जीने मिळालेले वॉन्स्टेड मर्जी फिरताच गेले. व्यापारातून उभे राहिलेले वैभव चौथ्या-पाचव्या पिढीत मोडीत निघाले. जे एका माणसाच्या इच्छेवर सोपविले ते त्याच्या एका चुकीने संपले. जे नियमाने बांधले ते वारसांपर्यंत पोहोचले. आणि जे सर्वांचे झाले, तेच आज शिल्लक आहे. मालक होणे भाग्याचे खरे, पण विश्वस्त होणे अधिक जबाबदारीचे. सार्वजनिक वास्तूंचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावे असे हे उदाहरण आहे.