रिमोटवाला प्रीअ‍ॅम्प: घूं, खरखर आणि दबका आवाज नेमका येतो कुठून?

घरच्या म्युझिक सिस्टीमचा आवाज दबका वाटला की पहिला संशय स्पीकरवर जातो, दुसरा अ‍ॅम्प्लिफायरवर. नवा स्पीकर येतो, पैसे जातात आणि घूं आवाज मात्र तसाच राहतो. कारण बऱ्याचदा दोष त्याआधीच्या टप्प्यात असतो. त्या टप्प्याचं नाव प्रीअ‍ॅम्प्लिफायर, म्हणजेच प्रीअ‍ॅम्प. आवाजाचं बटण, बास-ट्रेबल, ब्लूटूथ-ऑक्स निवडण्याची सोय आणि रिमोट हे सगळं इथेच असतं.

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातलं वालूर हे गाव गोल बारवेसाठी ओळखलं जातं. अशा गावात प्रीअ‍ॅम्पची परीक्षा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटपेक्षा कठीण असते. मराठवाड्याचा उन्हाळा, कापूस-सोयाबीनच्या हंगामातली धूळ, संध्याकाळी कमी होणारं व्होल्टेज आणि पावसाळ्याच्या तोंडावरची वीज या चारही गोष्टी थेट या छोट्या सर्किटवर परिणाम करतात. यातले बरेचसे दोष थोड्या खर्चात दूर होतात. एक लोकप्रिय ‘उपाय’ मात्र जिवावर बेतू शकतो. तोही पुढे येईल.

प्रीअ‍ॅम्प नेमकं काय करतो?

वेगवेगळ्या उपकरणांतून येणारा सिग्नल वेगवेगळ्या ताकदीचा असतो. सीडी प्लेअरचा सिग्नल जास्तीत जास्त 2 व्होल्टच्या आसपास असतो. फोनच्या हेडफोन जॅकमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून तर जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट येतात, म्हणजे सीडीच्या सुमारे 500 पट कमी. या सगळ्यांना एका पातळीवर आणणं, त्यातला एक निवडणं आणि आवाज कमी-जास्त करणं हे प्रीअ‍ॅम्पचं काम. स्पीकर हलवण्याची ताकद त्याच्याकडे नसते. ते काम पुढच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचं.

पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आलेला सिग्नल साधारण 20 ते 30 पट मोठा करतो. तो गाणं आणि गोंगाट असा भेद करत नाही. प्रीअ‍ॅम्पमध्ये 1 मिलिव्होल्टची घूं शिरली, तर स्पीकरवर ती 20-30 मिलिव्होल्टची होऊन पोचते आणि शांत खोलीत सहज ऐकू येते. म्हणून सुधारणा नेहमी सुरुवातीच्या टोकाकडून करावी.

रिमोटचं बटण दाबल्यावर काय होतं?

1955 मध्ये अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोतावर चालणारा टीव्हीचा बिनतारी रिमोट बनवला. अडचण अशी, की खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप चालू-बंद व्हायचा. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींवर चालणारा रिमोट आणला. आजचे बहुतेक रिमोट इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतात.

ऊन, बल्ब आणि ट्यूबलाइटच्या प्रकाशातही इन्फ्रारेड असतो. त्यातून रिमोटचा प्रकाश वेगळा ओळखू यावा म्हणून तो सेकंदाला 36 ते 38 हजार वेळा लुकलुकतो. या लुकलुकण्याचे छोटे-मोठे तुकडे पाडून संदेश तयार होतो. एनईसी नावाच्या प्रचलित पद्धतीत सुरुवातीला 9 मिलिसेकंदांचा इशारा जातो आणि मग 32 बिटांमध्ये कोणतं उपकरण, कोणतं बटण हे सांगितलं जातं. प्रत्येक माहिती एकदा सरळ आणि एकदा उलट पाठवली जाते, म्हणजे चूक लगेच पकडता येते. फिलिप्सच्या आरसी-5 पद्धतीत 14 बिट असतात. दोन्ही भाषा वेगळ्या असल्यामुळे एका संचाचा रिमोट सहसा दुसऱ्यावर चालत नाही.

आधी बटणं नीट लावा, खर्च शून्य

फोनचा आवाज 30 टक्क्यांवर आणि प्रीअ‍ॅम्पचा फुल, अशी मांडणी अनेक घरांत दिसते. यात फोनकडून कमकुवत सिग्नल येतो आणि प्रीअ‍ॅम्प त्याच्यासोबत स्वतःची ‘सूं’ही वाढवतो. उलट करावं. फोन 80 ते 90 टक्क्यांवर ठेवावा आणि रोजचा आवाज प्रीअ‍ॅम्पवरून किंवा त्याच्या रिमोटने कमी-जास्त करावा.

दुसरी गोष्ट बास-ट्रेबलची. बास पूर्ण वाढवला की अ‍ॅम्प्लिफायरची बरीचशी ताकद खालच्या स्वरांतच खर्च होते. आवाज फाटतो आणि शब्द कळेनासे होतात. दोन्ही बटणं मध्यावर ठेवून आठवडाभर ऐकावं, मग लागेल तेवढाच बदल करावा. ‘लाउडनेस’चं बटण हळू आवाजासाठी असतं. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं होतं. मोठ्या आवाजात ते बटण बंदच ठेवावं.

संध्याकाळीच घूं का वाढते?

दिवसा स्वच्छ वाजणारा संच संध्याकाळी घूं करायला लागतो, ही गावाकडची ओळखीची तक्रार आहे. यामागे साधं गणित आहे.

अनेक प्रीअ‍ॅम्पमध्ये 15-0-15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि 7815, 7915 हे रेग्युलेटर असतात. घरात 230 व्होल्ट येत असताना रेग्युलेटरला दोन्ही बाजूंना सुमारे 20 व्होल्ट मिळतात आणि तो त्यातून स्थिर 15 व्होल्ट काढतो. त्यासाठी त्याला किमान 17 व्होल्ट लागतात. डीपीवरचा भार वाढून घरातलं व्होल्टेज 180 वर आलं, की रेग्युलेटरला जेमतेम 16 मिळतात. तो हतबल होतो आणि विजेतली 100 हर्ट्झची लहर थेट आवाजात उतरते.

उपाय सोपा आहे. त्याच ट्रान्सफॉर्मरवर 7812 आणि 7912 बसवले, तर 14 व्होल्टच्या आसपासही काम भागतं. एनई5532, टीएल072 किंवा 4558 या नेहमीच्या आयसी 12 व्होल्टवर उत्तम चालतात. दोन रेग्युलेटर बदलण्याचं हे काम जाणकार मेकॅनिककडून तासाभरात होतं. बदलण्याआधी संध्याकाळी मल्टिमीटरने घरातलं व्होल्टेज आणि रेग्युलेटरच्या आधीचं व्होल्टेज मोजून घ्यावं, म्हणजे दोष हाच आहे याची खात्री होते.

इन्व्हर्टरवर गेल्यावरच घरघर येत असेल, तर कारण वेगळं असतं. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते आणि तो खडबडीतपणा ऑडिओत शिरतो. अशा वेळी प्रीअ‍ॅम्पला दोष देऊन उपयोग नाही.

अर्थची पिन कधीही कापू नका

टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांना जोडले की कधी कधी सतत भुणभुण सुरू होते. उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडली गेली की त्या वर्तुळात बारीक प्रवाह फिरतो. तोच ही भुणभुण असतो. यावर प्लगची जाड, तिसरी पिन कापण्याचा किंवा टू-पिन लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. भुणभुण थांबतेही. पण आत वायर सुटून धातूच्या डब्याला लागली, तर तो करंट जमिनीत न जाता हात लावणाऱ्याच्या शरीरातून जातो.

त्याऐवजी हे करून पाहावं:

- सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावावीत.
- एकेक वायर काढून भुणभुण कोणत्या जोडणीने थांबते ते शोधावं. डिशची केबल किंवा लॅपटॉपचा चार्जर अनेकदा सापडतो.
- ती एक जोडणी ब्लूटूथ किंवा ऑप्टिकल केबलने करावी, किंवा मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा.

घराची अर्थिंगही तपासून घ्यावी. मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते आणि कोरड्या मातीत अर्थिंग कमजोर होते. अर्थच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालण्याची जुनी पद्धत यासाठीच आहे.

धूळ आणि ऊन

आवाजाचं बटण फिरवताना खरखर आली, तर आतल्या व्हॉल्यूम कंट्रोलवर धूळ बसलेली असते. संच बंद करून, प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारावा आणि बटण वीस-तीस वेळा पूर्ण फिरवावं. खोबरेल तेल, रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नये. तेलावर धूळ आणखी चिकटते आणि पेट्रोलने आतला थर खराब होऊ शकतो. शिवाय आगीचा धोका असतो.

कंट्रोल बदलायची वेळ आली, तर दुकानात फक्त ‘50 के’ मागून चालत नाही. आशियाई बनावटीच्या भागांवर ‘ए’ म्हणजे आवाजासाठीचा लॉग प्रकार आणि ‘बी’ म्हणजे सरळ लिनिअर प्रकार. चुकून ‘बी’ लावला, तर बटण थोडं फिरवताच आवाज एकदम वाढतो आणि पुढे फारसा फरकच पडत नाही.

उष्णतेचा फटका कपॅसिटरना बसतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असताना बंद कपाटात ठेवलेल्या संचाच्या आत किती होत असेल, याचा अंदाज करता येतो. जुन्या संचात व्होल्टेज ठीक असूनही घूं येत असेल, तर आधी फिल्टर कपॅसिटर तपासावेत आणि बदलताना 85 ऐवजी 105 अंशांचे घ्यावेत. संचाच्या वर आणि मागे चार बोटं जागा मोकळी ठेवावी. शोभेचं कापड टाकून ती झाकू नये.

रिमोट चालत नसेल तर

नवा घेण्याआधी दोन मिनिटांची चाचणी करावी. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्यासमोर धरावं आणि बटण दाबावं. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका चमकला, तर रिमोट प्रकाश पाठवतोय, म्हणजे दोष बहुधा संचाच्या बाजूला आहे. काही फोनचा मागचा कॅमेरा इन्फ्रारेड अडवतो, म्हणून सेल्फी कॅमेरा बरा.

ठिपका दिसला नाही, तर सेल बदलावेत. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, त्याने सेल गळतात. काहीच बटणं चालत नसतील, तर रिमोट उघडून रबराचे काळे ठिपके आणि त्याखालची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. संचासमोर थेट ऊन येत असेल, तर जागा बदलून पाहावी.

एक गोंधळ नेहमी होतो. बाजारात मिळणाऱ्या ब्लूटूथ-यूएसबी बोर्डाचा छोटा रिमोट अनेकदा फक्त त्या बोर्डाच्याच आवाजावर चालतो. ऑक्सला जोडलेल्या टीव्हीचा आवाज त्याने बदलत नाही. तो बिघाड नसून बोर्डाची मर्यादा असते. ब्लूटूथवर ‘किर्र’ आवाज येत असेल, तर बोर्ड आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच सप्लायवर असणं हे नेहमीचं कारण. बोर्डाला वेगळा किंवा आयसोलेटेड 5 व्होल्टचा सप्लाय दिला की फरक पडतो.

जुन्या संचाला रिमोट बसवता येतो का?

येतो, मुख्यतः दोन प्रकारे. पहिला म्हणजे मोटार असलेला व्हॉल्यूम कंट्रोल. रिमोट दाबला की बटण स्वतः फिरतं. लाइट गेली आणि आली, तरी आवाज होता तिथेच राहतो. दुसरा म्हणजे पीटी2258 किंवा पीटी2314 सारखी इलेक्ट्रॉनिक आयसी. यात फिरणारा भाग नसल्याने खरखर नाही आणि पीटी2314 मध्ये इनपुट निवडणं व बास-ट्रेबलही रिमोटवर येतं. पण काही स्वस्त बोर्ड लाइट आल्यावर आधीचा आवाज विसरतात आणि भलत्याच पातळीवर सुरू होतात. जिथे लाइट वारंवार जाते, तिथे घेण्याआधी हे दुकानातच प्लग काढून-लावून तपासावं.

रिमोटने बंद म्हणजे बंद नव्हे

रिमोटचा इशारा ऐकण्यासाठी संचाचा काही भाग सतत जागा असतो. त्यामुळे लाल दिवा लागलेला संच विजेला जोडलेलाच असतो. पावसाळ्याआधी आभाळ गडगडायला लागलं की रिमोटने बंद करून भागत नाही. वीज जवळ येण्याआधीच भिंतीवरचा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढावीत, कारण विजेचा झटका दोन्हीकडून येऊ शकतो. कडकडाट डोक्यावर आल्यावर मात्र वायरींना हात लावू नये.

खर्चाचा क्रम म्हणूनच उलटा असावा. आधी बटणांची मांडणी आणि साफसफाई, मग अर्थिंग, मग सप्लायचे रेग्युलेटर आणि कपॅसिटर, मग रिमोटची सोय. एवढं करूनही आवाज पटला नाही, तरच नव्या स्पीकरचा विचार करावा.