क्लाफूती

मध्य फ्रान्समधील लिमूझँ प्रांतात काळ्या चेरीच्या हंगामात घरोघर होणारे, भट्टीत भाजलेले फलमिष्टान्न. देठ काढलेली, परंतु बिया तशाच राखलेली सुमारे ५०० ग्रॅम फळे लोणी फासलेल्या पसरट भांड्यात एकास एक लागून मांडावीत आणि ३ अंडी, १०० ग्रॅम साखर, तितकाच मैदा, चिमूटभर मीठ व ३०० मिलि. दूध यांचे, गुठळी न राहू देता केलेले सरसरीत पीठ त्यांवर ओतून, १८०° से. तापमानात, कडा फुगून तांबूस होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४० मिनिटे, भाजावे. बिया काढून टाकण्याचा रिवाज आता पुष्कळ रूढ झाला असला, तरी बियांतील ॲमिग्डॅलिनापासून उत्पन्न होणारा बदामसदृश गंध पदार्थात उतरतो आणि अखंड फळाचा रस झिरपून पीठ ओलसर होत नाही, ही कारणे इतकी मातबर आहेत की जुना दस्तूरच ग्राह्य मानणे उचित. मात्र बिया चावू नयेत, अशी सूचना खाणाऱ्यांस, विशेषतः मुलांस, आगाऊ द्यावी. चेरीऐवजी सफरचंद, नासपती वा आलुबुखार घातल्यास या पदार्थास फ्लोन्यार्द म्हणतात. भट्टीबाहेर येताच फुगलेला पृष्ठभाग खाली बसतो, तो दोष नव्हे. वरून साखर भुरभुरून कोमट असतानाच वाढतात.