बक्षीस कुणाला द्यायचं?

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आज आपण पोरांचं वाचन आणि त्यासाठी द्यायचं बक्षीस यावर बोलू.

मागच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही मासिक बैठकीत ठरवलं, की सुट्टीत जो जास्तीत जास्त पुस्तकं वाचेल त्याला गटाकडून कंपासपेटी द्यायची. पहिले चार दिवस नुसती झुंबड. मग लक्षात आलं, पोरं पातळ पुस्तकं शोधतात, पानं उलटतात आणि आकडा सांगून मोकळी होतात. कंपासपेटी मिळाली ती आधीच घडाघडा वाचणाऱ्या मुलाला. शेळ्यांमागं जाणारी, अक्षराला अक्षर जोडून वाचणारी चौथीतली एक मुलगी मात्र तिसऱ्या दिवसापासून यायचीच बंद झाली. "मला कुठं मिळणार हाय?" असं ती घरी म्हणाली. तिची आई आमच्याच गटातली. बक्षीस देताना ती माउली टाळ्या वाजवत होती, पण मान खाली होती. ते आम्हाला फार लागलं.

मग आम्ही जुनं काही वाचायला घेतलं. तेव्हा कळलं, की हा प्रश्न आपल्याच पुणे जिल्ह्यात फार पूर्वी मांडला गेलाय. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. त्या आयोगासाठी महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन लिहिलं. त्यात ते सांगतात, की गावातले शेतकरी गरीब आहेत, त्यांना गुरं राखायला आणि शेताकडं बघायला मुलं लागतात, म्हणून मुलं शाळेपासून लांब राहतात. तेव्हा नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही. शिष्यवृत्त्या द्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसं द्या, म्हणजे मुलांना शिक्षणाची गोडी लागेल.

पण पुढं त्यांनी एक बारीक गोष्टही सांगितली. स्पर्धा लावून शिष्यवृत्ती देणं वरवर न्यायाचं दिसतं, पण त्यानं मागं राहिलेल्या समाजात शिक्षण पसरत नाही. आमची कंपासपेटी चुकली ती इथंच.

नंतरच्या काळात वेगवेगळे उपाय झाले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. पुढं आपल्या राज्यात उलटं झालं. मागास समाजातल्या गरीब घरच्या मुलींना पहिली ते चौथीपर्यंत शाळेत आल्याबद्दल दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशात शालेय पोषण आहाराची योजना आली. आधी शिजवलेलं अन्न नव्हतं, ८० टक्के हजेरी असली की महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. आमच्यातल्या कितीतरी जणींनी तो तांदूळ पिशवीत घालून घरी नेलाय. त्यात पहिला नंबर, दुसरा नंबर नव्हता. जी शाळेत आली, तिला मिळाला.

तांदळानं मूल शाळेपर्यंत आलं. पण वाचायची गोडी लागायला हातात पुस्तकच पाहिजे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे यांची एक आठवण सांगतात. बक्षीस म्हणून खाऊ दिला, तर त्या म्हणाल्या, आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या. याच मुक्तानं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या समाजाची व्यथा तिनं स्वतःच्या शब्दांत मांडली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पद्धत बदलली. पुस्तकं मोजणं बंद केलं. बैठकीच्या खोलीत पुस्तकांची एक पेटी ठेवली. रोज संध्याकाळी मुलानं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि घरातल्या एका बाईनं ऐकायला बसायचं. तिला वाचता येत नसलं तरी चालेल, गोष्ट कळली का, एवढं तिनं सांगायचं. पंधरा दिवस जो वाचेल, त्या प्रत्येकाला पेटीतलं आवडीचं एक पुस्तक कायमचं.

ती मुलगी परत आली. अजून अडखळते. पण तिची आजी आता मधेच म्हणते, "पुढं काय झालं, वाच की!" तिनं बक्षिसाचं पुस्तक घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेळ्यांमागं जाताना तेच बरोबर नेलं.

मैत्रिणींनो, तुमच्याही गटात मुलांसाठी बक्षीस ठेवायचं ठरलं, तर ते कुणाला मिळणार हे आधी बघा. जे मूल आधीच पुढं आहे त्यालाच ते मिळणार असेल, तर बैठकीत पुन्हा एकदा विचार करा. आणि आज संध्याकाळी भाकरी थापताना घरातल्या पोराला जवळ बसवून एक पान वाचायला सांगा.