लिमोने गावचं प्रथिन
उत्तर इटलीत गार्डा सरोवराकाठी लिमोने नावाचं गाव आहे. तिथल्या काही कुटुंबांत एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, फारच कमी. तरीही हृदयविकार क्वचितच! मिलानच्या डॉ. सिर्तोरी यांच्या गटाने १९८० मध्ये हे जगापुढे मांडलं. मूळ निघालं एचडीएलमधल्या एका प्रथिनात झालेल्या आनुवंशिक बदलात.

मग तेच प्रथिन प्रयोगशाळेत बनवून सलाईनसारखं शिरेतून देऊन पाहिलं. २००३ ची ४७ रुग्णांची चाचणी खूप गाजली. आठवड्याला एक असे पाच डोस दिल्यावर हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर सुमारे ४ टक्के घटला होता. रुग्ण किती थोडे, हे उत्साहात मागे पडलं. पुढे स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा या प्रथिनाने वेगळा फायदा दिसला नाही आणि २०१६ मध्ये काम थांबलं.

'डॉक्टर, ब्लॉकेज विरघळवणारं इंजेक्शन आहे का?' असं कुणी विचारलं, की मी लिमोनेची गोष्ट सांगतो आणि स्टॅटिनची गोळी रोज घेताय ना, ते विचारतो.