दरबार हॉल आणि दोन भिंगं

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये शिरलं की माझ्यातला जुना स्टुडिओवाला सिंहासन सोडून आधी खांब बघतो. मेजर मँटच्या आराखड्यावरचा, 1884 मध्ये पुरा झालेला हा वाडा जणू दोन भिंगांच्या कॅमेऱ्यासाठीच बांधलाय. ती भिंगं डोळ्यांसारखी, अडीचेक इंचांच्या अंतरावर असत. जवळचा खांब दोन्ही चित्रांत जरा वेगळ्या जागी पडे आणि स्टिरिओस्कोपमधून पाहताना पुढे येई. शास्त्रज्ञ व्हीटस्टननं हे तत्त्व 1838 मध्ये मांडलं. 1851 च्या लंडन प्रदर्शनात स्टिरिओस्कोप खुद्द व्हिक्टोरिया राणीला भावला आणि मग त्याचा बाजारच झाला.

या हॉलचं चित्र घेताना खरी पंचाईत शिवचरित्रातले प्रसंग दाखवणाऱ्या रंगीत काचांची. त्या काळच्या प्लेटला निळं तेवढं चांगलं दिसे, तांबडं जवळपास दिसतच नसे. म्हणजे निळी काच पांढरीफटक, तांबडी काळीठिक्कर! दालनांत उजेड बेताचा, त्यामुळे भिंगाचं झाकण बराच वेळ उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात चालत गेलेला माणूस प्लेटवर उमटतच नसे. त्या काळच्या महालांच्या चित्रांत झुंबरं, गाद्या, गालिचे सगळं असतं, चोपदार मात्र सहसा नसतो, त्याचं हे एक कारण. शिवाय हुजऱ्याला तितका वेळ पुतळा होऊन राहायला सांगणार कोण?