कोल्हापूरचा पडदा आणि अमेरिकेची छाया

हातकणंगले तालुक्यांतील कबनूर हें गांव इचलकरंजीच्या शिवेस लागून आहे, आणि इचलकरंजींत यंत्रमागाचा पहिला खडखडाट ऐकूं आला तो १९०४ सालीं. माग परदेशी बनावटीचा. त्यावर विणलें जाऊं लागलें तें मात्र इकडच्या बायकांच्या अंगावरचें लुगडें. परक्याचें यंत्र आणून आपलें वस्त्र विणण्याचा हा जो परिपाठ ह्या मुलुखांत पडला, त्याचा दुसरा आणि अधिक नवलाचा प्रयोग पुढें थोड्याच वर्षांत जवळच कोल्हापुरांत झाला. तेथें वस्त्राऐवजीं चित्रपट विणला जाऊं लागला.

पहिल्या महायुद्धापूर्वी जगाच्या बाजारांत फ्रेंच चित्रपटांचा भरणा मोठा होता. १९१४ ते १९१८ च्या रणधुमाळींत युरोपांतील निर्मिति मंदावली आणि रिकामी झालेली जागा अमेरिकेनें बघतां बघतां व्यापली. अमेरिकन कंपन्यांचा खर्च घरच्याच अफाट बाजारांत भरून निघे; मग परदेशांत तोच माल स्वस्तांत देणें त्यांस जड जात नसे. युरोपीय सरकारांनीं ह्याची धास्ती घेतली. जर्मनीनें १९२१ पासून आयातीवर मर्यादा घातली, इंग्लंडनें १९२७ सालीं देशी चित्रपटांना ठराविक वांटा राखून देणारा कायदा केला, फ्रान्सनें १९२८ सालीं तोच मार्ग धरला. सरकारें अशीं दारें लावीत असतां प्रजा मात्र खिडकींतून हात पुढें करीत होती. फ्रेंच प्रेक्षकांनीं चॅप्लिनला ‘शार्लो’ असें घरगुती नांव देऊन केव्हांच आपलासा करून टाकला होता.

हिंदुस्थानांतहि चित्र फारसें निराळें नव्हतें. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं पडद्यावर आला. पण ज्या गिरगांवच्या तंबूंत येशू ख्रिस्ताचें चरित्र पाहून त्यांना ही प्रेरणा झाली, त्या तंबूचें नांवच मुळीं ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’ असें होतें. पुढें एडी पोलोच्या मारामारीच्या मालिकांनीं शहरांतील पोरांना वेड लावलें, आणि १९२४ सालीं निघालेल्या डग्लस फेअरबँक्सच्या ‘बगदादच्या चोरा’नें तर थोरांनाहि सोडलें नाहीं. अरबी सुरस कथांतला माल अमेरिकेंत जाऊन, झगझगीत होऊन पुन्हां पूर्वेकडे विकावयास आला, आणि पूर्वेनें तो दुप्पट हौसेनें विकत घेतला, ही त्यांतली गंमत.

ह्याच काळांत कोल्हापुरांत आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधु नाटकांचे पडदे रंगवीत होते. परदेशी चलच्चित्रें पाहून त्यांच्या मनानें घेतलें कीं, रंगविलेल्या पडद्यापेक्षां हलणारा पडदा आपण केला पाहिजे. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले. बाबूरावांनीं दामले यांच्या साह्यानें कॅमेरा स्वतःच्या हातांनीं जुळविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० सालीं ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाली, तेव्हां लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना ‘सिनेमा-केसरी’ ही पदवी दिली. ‘सिंहगड’, ‘कल्याणचा खजिना’, ‘सावकारी पाश’ ह्या पुढच्या कृतींत कथा इथल्या, पोशाख इथले, चेहरेहि इथलेच. परंतु दृश्यांचे तुकडे पाडून वेग साधणें, कृत्रिम प्रकाशांत रात्र उभी करणें ही विद्या बाहेरून आलेली होती, आणि ती लपविण्याचें कोणास कारणहि वाटलें नाहीं.

ह्याच कंपनींतून मास्टर विठ्ठल हा तरुण पुढें आला. ‘कल्याणचा खजिना’ ह्या चित्रपटांत तो नर्तकीच्या वेषांत प्रथम दिसला, आणि मुंबईस शारदा कंपनींत गेल्यावर तलवार, घोडा आणि उड्या ह्यांच्या बळावर ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणून गाजला. ही उपाधि गौरवाची खरी, पण तींत थोडें उणेपणहि आहे. तालीम, लाठी, पट्टा आणि कुस्ती ह्यांची परंपरा असलेल्या कोल्हापुरांतून गेलेल्या नटाचें मोठेपण सांगावयास हॉलिवुडचें माप लागावें, ह्यांतच अमेरिकन छायेचा खरा पसारा दिसतो. कथा तिनें बदलल्या नाहींत. कौतुकाची भाषा मात्र बदलली.

सरकारला ह्या छायेची काळजी निराळ्याच कारणानें होती. गोऱ्या स्त्रीपुरुषांचें स्वैर वर्तन पडद्यावर पाहून हिंदी प्रजेच्या मनांतून राज्यकर्त्यांचा दरारा उतरेल, ही एक धास्ती. आणि अमेरिकन मालाच्या जागीं साम्राज्यांतला, म्हणजे मुख्यतः इंग्रजी, माल खपावा ही दुसरी इच्छा. १९२७ सालीं दिवाण बहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली गेली. येथें दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांत परदेशी, आणि त्यांतहि बहुतेक अमेरिकन, असा मोठा भरणा तिला आढळला. पण इंग्रजी चित्रपटांना खास सवलत द्यावी हें तिनें मानलें नाहीं. साह्य करावयाचें तर देशी धंद्यास करावें, असा तिचा रोख होता. १९२८ चा तो अहवाल सरकारनें बाजूस ठेवला. अमेरिकेच्या भीतीचें निमित्त करून इंग्लंडचें दुकान मांडण्याचा हा बेत हिंदी सभासदांनीं ओळखला, हें त्यांच्या शहाणपणाचें म्हटलें पाहिजे.

बोलपट आला तेव्हां परकी यंत्राची गरज आणखी वाढली. १९३१ च्या ‘आलम आरा’ साठीं आवाजाचें यंत्र अमेरिकेचें होतें व तें बसवावयास विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तज्ज्ञ आला. नायक होता तोच मास्टर विठ्ठल. त्याला जुना करार मोडल्याबद्दल कोर्टांत जावें लागलें, तेव्हां त्याची बाजू बॅरिस्टर जिना यांनीं मांडली. पुढच्याच वर्षीं कोल्हापुरांत प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलता केला. विषय पुन्हां हरिश्चंद्राचाच!

१९३३ सालीं प्रभात पुण्यास गेली, तरी कोल्हापूर ओस पडलें नाहीं. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्सनें १९३८ सालीं आचार्य अत्रे यांच्या लेखणींतून उतरलेला ‘ब्रह्मचारी’ काढला. त्यांत मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखांत पडद्यावर आल्या आणि घरोघरीं चर्चेला ऊत आला. पोशाख सागरापलीकडचा होता हें उघड. परंतु ज्याची थट्टा चालली होती तो ब्रह्मचर्याचा आव अगदीं इथला होता, आणि प्रेक्षक हसले ते त्यालाच. दुसऱ्या वर्षीं भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’ मध्यें मास्टर विठ्ठल पुन्हां तलवार घेऊन उभा राहिला, ह्या खेपेस मावळ्यांच्या मेळ्यांत.